टाचेला दोन बोटं कमी

साप्पोरो,
१४ जानेवारी

ती. हिदेमामांस,
मिझुहोचा सा. न. वि. वि.

पत्र दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे. घरी आलं तर मामी आधी फोडेल, आणि तिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुम्हीच सांगता. फोनही त्याचसाठी केला नाही.

मार्चमध्ये आईला साठ पूर्ण होतात. सगळे मिळून तिला साठीचं लाल जाकीट घालणार, लाल टोपी चढवणार आणि फोटोला बसवणार, आणि ती तोंड वाकडं करणार. म्हणून मी लाल स्की घेतल्या आहेत. डोंगर चढायच्या, हलक्या. वापरलेल्या आहेत, पण नव्यासारख्या. बूट धरून ठेवणारी बाइंडिंगं वेगळी आणली आणि ती मला स्वतः बसवायची आहेत. दुकानात दिली तर निम्मी भेट दुकानदाराची होईल.

गुडघ्याच्या ऑपरेशनपासून आई बर्फाकडे फक्त खिडकीतून बघते. डॉक्टर हो म्हणतात, तीच नाही म्हणते. मला तिच्याबरोबर पुन्हा वर जायचं आहे, मामा. दुसऱ्या कुणाबरोबर गेलं तर मजा येत नाही, खरंच सांगते.

नववर्षाला घरी गेले तेव्हा फडताळ आवरायच्या निमित्ताने तिचे जुने बूट मापासाठी गुपचूप उचलून आणले. तिला पत्ता नाही. तुम्हीही सांगायचं नाही, माझी शपथ आहे. तुमच्या स्कींची बाइंडिंगं तुम्ही स्वतःच बसवता, म्हणून तुम्हालाच विचारते. आता लिहा, पहिलं भोक कुठे पाडू?

तुमची भाची,
मिझुहो


नायोरो,
२० जानेवारी

चि. मिझुहोस,
अनेक आशीर्वाद.

पहिलं भोक स्कीला पाडायचंच नाही. नववर्षाचं कामाबोको खाल्लंस की नाही? माशाची ती वडी ज्या लाकडी पाटीवर चिकटून येते, त्या पाट्या टाकल्या असशील तर पुन्हा वड्या आण, खा, आणि पाट्यांना भोकं पाड. हात बसला की मग स्कीकडे वळ. ड्रिलच्या टोकाला रंगीत चिकटपट्टी गुंडाळ. पट्टी टेकली की थांबायचं. थांबली नाहीस तर भोक तळातून बाहेर येईल आणि साठीच्या भेटीला खिडकी पडेल.

बुटाच्या तळव्याचा मध्य आणि स्कीवरची मध्याची खूण जुळव. पुढचा तुकडा तिथून ठरतो. मग बूट त्यात अडकवून टाचेची जागा आख. खरा खेळ टाचेचा आहे. चढताना ती मोकळी, उतरताना पक्की. माप चुकलं तर बूट मागे अडकायचाच नाही. भोकात आधी थोडा गोंद, मग स्क्रू, आणि दात ओठ खाऊन पिळायचा नाही. तू जपून पिळशील यावर माझा विश्वास नाही, तरी लिहून ठेवतो.

शपथ पाळीन. न्हाव्याच्या तोंडाला कुलूप नसतं म्हणतात, पण हा न्हावी निराळा आहे. मामीला सांगितलंय की दुकानात पत्रं येतात ती कात्र्यांच्या कंपनीची.

तुझा,
हिदेमामा


हिगाशिकावा,
२ फेब्रुवारी

चि. हिदेमित्सुस,
सानाएताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे छपरावरचं बर्फ उतरवता उतरवता फावड्याचा दांडा मोडला. मी मात्र शाबूत आहे.

एक गोष्ट लिहिते, ती कुणाजवळ बोलायची नाही, मिझुहोजवळ तर नाहीच. माझे स्कीचे बूट नाहीसे झालेत. नववर्षाला ती आली होती आणि कधी नव्हे ते फडताळ आवरत होती. तिनेच टाकून दिले असणार. राग नाही आला रे, पोटात तुटलं. लेकीच्या लेखी आई संपली. रस्ता ओलांडताना माझं कोपर धरते. जिना चढले तर मागे हात पसरून उभी, जशी काही मी आजच पहिलं पाऊल टाकतेय.

तुला म्हणून सांगते, मी उन्हाळा सरल्यापासून रोज देवळाच्या पायऱ्या चढते आहे. गुडघा ठणठणीत आहे. बर्फाला मी कधी घाबरलेच नाही. तिच्या त्या काळजीने भरलेल्या तोंडाला घाबरते. तिने मला सांभाळायचं आणि मी सांभाळून घ्यायचं, असं वर जाण्यापेक्षा घरात बसलेलं बरं, असं वाटायचं. पण बूट गेल्यावर डोकंच फिरलं. तशीच उठले, आसाहिकावाला गेले आणि नवे कोरे बूट घेऊन आले! तांदळाच्या पिंपात लपवलेत. जुन्यांपेक्षा बरेच आखूड आहेत, हल्ली तळवे तसेच करतात म्हणे. स्की भाड्याने घेईन आणि वाढदिवस झाला की तिलाच म्हणेन, चल, येतेस का?

हे पत्र वाचून जाळून टाक. तुझी बायको शेकोटीत सुद्धा डोकावेल.

तुझी,
ताई


नायोरो,
८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बूट घेतलेस, शाबास. स्की मात्र भाड्याने घेऊ नकोस. का ते विचारू नकोस. पोरीबद्दल मनात काही आणू नकोस, हेही का ते विचारू नकोस. माझं पोट इतकं फुगलंय की बायकोला वाटतं अपचन झालं.

तुझा धाकटा,
हिदेमित्सु


नायोरो,
८ फेब्रुवारी

चि. मिझुहोस,
अनेक आशीर्वाद.

घाईत लिहितो, गिऱ्हाईकाच्या तोंडाला साबण लावून ठेवलाय. पुढचा तुकडा खुशाल बसव. टाचेला हात लावू नकोस! टाचेची भोकं बुटांच्या मालकिणीसमोर पाडायची असतात, आमच्याकडे तशी पद्धत आहे. कधीपासून, ते विचारू नकोस.

तुझा,
हिदेमामा


साप्पोरो,
१३ फेब्रुवारी

ती. हिदेमामांस,
मिझुहोचा सा. न. वि. वि.

तुमची पद्धत पोचायला उशीर झाला. परवाच चारही तुकडे बसवले, टाचांसकट! स्वयंपाकघरात दोन खुर्च्यांवर स्की आडव्या ठेवल्या आणि श्वास रोखून भोकं पाडली. शेजारच्या काकू दोनदा येऊन गेल्या. पहिल्यांदा आवाजाची तक्रार करायला, दुसऱ्यांदा स्की धरायला. त्याच म्हणाल्या की पोरी, जीभ बाहेर काढून काम करतेस, चावशील. तळ शाबूत आहे. जुना बूट अडकवला आणि टाच अशी खटकन बसली की मी एकटीच टाळ्या वाजवल्या. आता कामाबोकोचं नाव काढलं तरी मळमळतं.

मामा, ही माझ्या हातची आजवरची सगळ्यात नीट गोष्ट आहे. आईने फक्त नाही म्हणू नये.

तुमची,
मिझुहो


नायोरो,
१८ फेब्रुवारी

चि. मिझुहोस,
आशीर्वाद.

काम फक्कड झालं असणार. तरी वाढदिवसाला जाताना ड्रिल आणि उरलेला गोंद बरोबर ने. मला येता येणार नाही. त्या दिवशी मला सर्दी होणार आहे.

तुझा,
हिदेमामा


हिगाशिकावा,
२ एप्रिल

चि. हिदेमित्सु, लबाडा,
आशीर्वाद द्यावेत की कान पिळावा, ते अजून ठरत नाही.

वाढदिवसाला मिझुहोने लाल कापडात गुंडाळलेल्या स्की पुढ्यात ठेवल्या. मी नुसता त्यांच्यावरून हात फिरवत राहिले. तिला वाटलं मी आता नाही म्हणणार, तशी ती पिशवीतून माझे जुने बूट काढून भराभरा सांगायला लागली की मापासाठी नेले होते, रागावू नकोस. हिदे, मी दोन महिने पोरीवर मनातल्या मनात रुसले होते आणि ती माझ्याचसाठी भोकं पाडत बसली होती. मला रडूच आलं. मग उठले आणि तांदळाच्या पिंपातून नवे बूट काढले. तिने एक उचलून स्कीवर ठेवला. टाचेला दोन बोटं कमी! पोरीचं तोंड एवढंसं झालं. मी म्हटलं की जुनेच घालते, तर ती म्हणाली की तू एकटी जाऊन हे घेतलेस, आता हेच. मग दोघींनी एकदमच एकमेकींना विचारलं की हे कुणाकुणाला माहीत होतं. उत्तरही एकच आलं. शेजारचे धावत आले इतक्या आम्ही हसलो.

तांबड्या चवळीचा भात गार होत राहिला आणि आम्ही जेवणाच्या काड्या तासून जुनी भोकं गोंदाने बुजवली. दुसऱ्या दिवशी नवी पाडली. एका स्कीची तिने, दुसरीची मी. माझ्या हातात ड्रिल बघून तिने दोनदा हात पुढे केला आणि दोनदा मागे घेतला, ते मी पाहिलं. गोंद वाळून पक्का होईपर्यंत आठवडाभर दोघींना धीर नव्हता.

परवा आसाही डोंगराच्या उतारावर गेलो. आकाश स्वच्छ, बर्फ कोरडं. बूट खटकन बसले. सुरुवातीला ती पुढे, आणि दर चार पावलांना मान वळवून बघायची की म्हातारी आहे ना मागे. मी चालत राहिले. झाडं संपली, चढ वाढला, वारा सुटला आणि पोरीला दम लागला. आता तिला वाट काढण्याखेरीज काही सुचत नव्हतं. मग माझ्या ध्यानात आलं की बराच वेळ झाला, ती मागे वळलेलीच नाही. तशीच वरपर्यंत गेली, एकदाही न बघता. मी आहेच, हे ती धरून चालली होती.

साठीला मला हे मिळालं, हिदे.

उतरताना कोण पडलं ते विचारू नकोस, ती सांगायची नाही. लोभ आहेच, कान मात्र भेटीत पिळीन.

तुझी,
ताई