बोडणाला चौथी सवाष्ण

२६ सप्टेंबर २०२१, रविवार. देवास

शेवटी आज धारला जाऊन आलो. मे महिन्यापासून राहिलेला समाचार. वन्संचे यजमान, आमचे भावजी, गेले तेव्हा सगळं बंद, नंतर वन्संच म्हणाल्या येऊ नका, मग श्रावण, मग गणपती. सणासुदीला कोणी रडायला जातं का? पितृपक्ष लागला तेव्हा हे म्हणाले, आता तरी चल, माझी सख्खी बहीण आहे ती.

दार उघडल्या उघडल्या वन्सं म्हणाल्या, "मास्क काढू नका." खुर्च्या आधीच मांडलेल्या. एक ह्या भिंतीला, दोन त्या भिंतीला. मला वाटलं होतं गळ्यात पडून रडू दोघी. कसलं काय. मी आपली मांडीवर पर्स धरून बसले, डॉक्टरकडे नंबर लावल्यासारखी. चहा कागदी कपात.

भावजी सरदारपूरला नायब तहसीलदार होते तेव्हा ह्याच बाईच्या ओट्यावर रोज कोणी ना कोणी पाव्हणा जेवायला असे. आणि आज कागदी कप. येताना घाटाबिल्लोदला भजी घेऊ का विचारलं तर हे नको म्हणाले. भजी नको म्हणणारे हे नव्हेत.

२७ सप्टें.

काल लिहायचं राहिलं. हे बाहेर फोनवर होते तेव्हा वन्सं हळूच म्हणाल्या, "चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला गेले होते मी, सुधा. मोजक्या बायका होत्या. मीच आणलं घरात."

मी म्हटलं, असं काही नसतं. पण मास्कमधून काय बोलणार आणि लांबून काय बोलणार. लस त्यांनी दोन्ही वेळा घेतलेली आहे, डॉक्टर म्हणाले सगळीकडे जा. पण ही बाई आता कोणाच्या घरी जाणार नाही आणि कोणाला घेणारही नाही. तिला माणसांत परत आणायचं. कसं, ते माहीत नाही.

१० ऑक्टो., रवि.

सकाळी टेकरीवर. नवरात्रात देवीला पायऱ्या चढून गेले, मागच्या वर्षी खालूनच हात जोडले होते. वर चांगली धक्काबुक्की. कोणीतरी माझ्या पायावर पाय दिला आणि मला चक्क बरं वाटलं. खाली उतरून पोहे-जलेबी. ठेलेवाला म्हणाला, "आंटी, दो साल बाद दिखे हो." दोन साल कुठले झाले, पण म्हटलं, हो भिया, जिंदा आहोत.

सुनीता बरोबर होती. शाळेत माझ्याबरोबर शिकवायची, अजून शिकवते. तिने पहिला डोस घेतलाय आणि दुसऱ्याला रोज नवं कारण सांगते. आज म्हणे दाढ दुखतेय. सुई बघूनच तिला घाम फुटतो, आणि वर्गात भल्याभल्या पोरांना घाम फोडते.

१ नोव्हें., सोम.

धारला फराळ देऊन आले. त्यांच्याकडे ह्या वर्षी दिवाळी नाही, तळण नाही, तेव्हा आपणच न्यायचं. आमचा मुलगा निखिल गाडी घेऊन आला होता. दार ह्या वेळी पूर्ण उघडलं. खुर्च्याही जरा जवळ. चिवड्यात मीठ कमी आहे म्हणाल्या. बरं वाटलं. खोड काढायला लागल्या म्हणजे सुधारणा आहे.

मग एकदम, "ओवीचं बोडण केलंत?"

नातीचं बोडण कुठलं करतोय. जानेवारीत जन्मली, तेव्हापासून नुसतं झाकून ठेवलंय पोरीला.

"वर्षाच्या आत करा."

"तुम्ही या सांगायला," मी म्हटलं. आमच्याकडे बोडण म्हणजे वन्सं. निखिलचं त्यांनीच केलं, त्याच्या लग्नानंतरचंही. मी नुसती परातीत हात घालून बसायची आणि त्या सांगतील तसं कालवायची.

"मी कशाला आता. तुला येतं सगळं."

मला काही येत नाही. तेही सांगितलं.

१६ नोव्हें.

मार्गशीर्षातला पहिला शुक्रवार ठरवलाय, १० डिसें. सून रुचि उज्जैनची, तिच्या माहेरी हे नाही. तिला समजावलं: अन्नपूर्णा परातीत ठेवायची, पूजा, पुरणावरणाचा नैवेद्य, मग दूध, दही, तूप, मध, साखर, आणि चार सवाष्णी व एक कुमारिका मिळून हाताने सगळं कालवायचं. कुमारिका मागेल ते परातीत घालायचं. झालं की गाईला. पुरुषांनी बघायचं नाही.

रुचि म्हणाली, "मम्मी, पाँच लोग एक परात में हाथ डालेंगे? अभी?"

निखिल म्हणाला, ग्लोव्ह घाला. म्हटलं, ग्लोव्ह घालून देवीला जेवू घालायला ती काय आयसीयूत आहे?

मग मी नियम केला. दोन्ही डोस झालेत तीच बसेल. रुचि खूश, मीही खूश, अगदी कलेक्टर झाल्यासारखं वाटलं. चौघी अशा: मी, रुचि, शेजारच्या जोगळेकर काकू, सुनीता. कुमारिका काकूंची नात पिहू, तिचं वय लसीचं नाही, तिला नियम माफ. सुनीताला फोन करून सांगितलं, दाढ असो की डोकं, दुसरा डोस घेतल्याशिवाय माझ्या परातीत हात नाही.

२८ नोव्हें., रवि.

पेपरात आफ्रिकेतलं नवीन काहीतरी आलंय. रुचि सकाळपासून मोबाइलमध्ये. आगे बढ़ा दें क्या, विचारत होती. मी म्हटलं, पुढे ढकलायचं तर ओवीच्या लग्नापर्यंत ढकलता येईल. हसली, पण मनातून नाही.

संध्याकाळी धारहून फोन. आपणहून. "येते मी. पण स्वयंपाकघरात राहीन. बाहेर येणार नाही, आधीच सांगते."

या तर खरं. म्हटलं हो, जसं तुम्हाला बरं वाटेल. फोन ठेवून ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले "अच्छा" आणि लगेच वरची खोली झाडायला गेले. लग्नापासून आज पहिल्यांदा ह्यांच्या हातात झाडू बघितला.

८ डिसें., बुध.

सुनीताला धरून नेलं. वॉर्डातल्या शाळेत कॅम्प होता. रांगेत माझा दंड इतका आवळून धरला की माझ्याच दंडाला गाठ येईल वाटलं. नर्स म्हणाली, "मैडम, हो गया." ही म्हणते, "कब?" येताना दोघींनी दूध-जलेबी खाल्ली. चौथी सवाष्ण पक्की. फार छान वाटतंय.

९ डिसें., गुरु.

वन्सं आल्या. निखिल घेऊन आला. आल्या तशा थेट न्हाणीघरात, न्हाऊन, लुगडं बदलून बाहेर. मग ओवीसमोर लांब उभ्या. रुचिने पोर त्यांच्या हातात दिली. ओवीने पहिल्यांदा मास्क ओढला, मग चष्मा. वन्सं म्हणाल्या, "अगदी भाऊ आहे, नुसता ओढाताण करतो." म्हणजे हे. तान्हे असताना हे त्यांच्या कडेवर असत.

मास्क परत लावला नाही. मीही लक्षात आणून दिलं नाही.

पुरण उद्या सकाळी. डाळ निवडून ठेवली. सुनीता फोन उचलत नाहीये.

१० डिसें., शुक्र.

सगळं लिहून ठेवते.

सकाळी वन्संनी पुरण वाटलं, मी पोळ्या केल्या. वन्सं कणकेचे दिवे करत होत्या, एकसारखे, बघत राहावं असे. हे आणि निखिल वरच्या खोलीत हद्दपार. जोगळेकर काकू पिहूला घेऊन आल्या, पाटावर बसल्यासुद्धा. आणि सुनीताच्या नवऱ्याचा फोन. कालपासून सडकून ताप, अंग दुखतंय, उठवत नाही. डोसचा ताप. दुसरं काय. माझाच नियम, मीच नेलं ओढून, आणि तेही बोडणाला दोन दिवस उरले असताना. पंचवीस वर्षं विज्ञान शिकवलं. डोसनंतर ताप येतो हे मला सोडून सगळ्या देवासला माहीत होतं.

रुचि म्हणाली, "शर्मा भाभी को बुला लूँ? दो मिनट में आ जाएँगी।"

आल्या असत्या. समोरच राहतात, भल्या बाई आहेत, डोस झालेत. सरळ होतं. मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि स्वयंपाकघरात वन्सं दिसल्या. पाठमोऱ्या. फोनवरचं सगळं त्यांनी ऐकलेलं, आणि हात दिव्यावर थांबलेला.

मी आत गेले. "वन्सं, तुम्ही बसा."

"वेड लागलंय का तुला."

"मला येत नाही. परातीत आधी काय, मग काय, मला येत नाही."

"मी इथून सांगते. शर्मांना बोलाव."

"भाभी चांगल्या आहेत. मला तुम्ही हव्यात."

"सुधा, हे सवाष्णींचं असतं." मग अगदी हळू, "आणि माझे हात नको. चैत्रात एकदा गेले होते बायकांत बसायला."

रडू आलं आणि रागही आला, भावजींचा, त्या आजाराचा, माझ्या मूर्ख नियमाचा. बाहेर जोगळेकर काकू. ऐंशीच्या घरातल्या, सोवळ्याओवळ्याच्या पक्क्या, अजून दुसऱ्याच्या हातचं पाणी घेताना भांडं बघतात. त्या एक शब्द बोलल्या असत्या तरी वन्सं परत धारला जाऊन दार लावून घेणार, हे मला दिसत होतं. मी हे काकूंच्या कानावर पडू द्यायला नको होतं. पण पडलं होतं.

बाहेरून काकूंचा आवाज, वन्संना: "मालती, किती वेळ लावतेस. माझे गुडघे आखडले. येतेस, का मी जाऊ घरी?"

वाकून बघितलं तर काकूंनी स्वतःचं नैवेद्याचं ताट बाजूला ओढून जागा केलेली.

वन्संनी हातातला दिवा ताटात ठेवला. मग हात धुतले. सॅनिटायझर समोर होतं, ते नाही. साबण लावून कोपरापर्यंत, सावकाश. बाहेर आल्या. चौथा पाट होता तो बाजूला सरकवला आणि जमिनीवर बसल्या. मी सगळ्यांना हळदकुंकू लावत त्यांच्यापाशी पोचले तर म्हणाल्या, "हळदच लाव." हळद लावली. काकू देवीकडे बघत होत्या.

मग मात्र वन्सं वन्सं झाल्या. दूध आता, दही नंतर, रुचि नीट बस, पिहू पाय आत घे. रुचिला मराठीतून, पिहूला हिंदीतून. परातीत हात गेले. पुरण, भात, दूध, सगळं कोमट. दीड वर्ष झालं, घराबाहेरच्या माणसाचा हात हातात आला नव्हता. तिथं कोणाचा हात कोणता ते कळतच नाही. एकदा कोणीतरी माझी बोटं धरली, खाली, दुधात, आणि बराच वेळ सोडली नाहीत. मी मान वर करून बघितलं नाही.

पिहूला विचारलं, काय हवं? दही मागितलं, दिलं. साखर, दिली. मग म्हणाली, "सेव."

मी काकूंकडे, काकू वन्संकडे. तिखट शेव बोडणात? रुचि ओठ चावून हसू दाबत होती.

वन्सं म्हणाल्या, "माळव्यातली देवी आहे. घाल."

डब्यातली मूठभर घातली. गाईने सगळं चाटूनपुसून खाल्लं. जेवताना ह्यांनी विचारलं, कसं झालं? वन्सं म्हणाल्या, तुला काय करायचंय, बायकांचं आहे. ह्यांनी पोळीवर तूप वाढून घेतलं आणि एकदम खूश.

११ डिसें.

सुनीताचा ताप उतरला. प्रसादाचं पुरण नेऊन दिलं. माफी मागायला गेले तर तीच म्हणते, बरं झालं, सुटले मी कालवण्यातून. कोण बसलं तुझ्याकडे माझ्या जागी? सांगितलं. पुरणाचा घास वाटीत परत ठेवला आणि म्हणाली, "बरं केलंस." शाळेत कुठं बोलू नको असं सांगायचं मनात होतं, सांगितलं नाही.

वन्सं दुपारभर ओवीला घेऊन उन्हात. काकू आल्या, दोघींनी तळलेल्या कंदाचे गराडू खाल्ले. कालचा विषय कोणी काढला नाही.

१२ डिसें., रवि.

सकाळी निखिल वन्संना सोडून आला. पेपरात पुन्हा आकडे. रुचि म्हणते जानेवारीत काही खरं नाही. असेल.

आत्ता फोन आला होता.

"पोचले. खालच्या भाडेकरीणबाई जिन्यात भेटल्या. विचारलं, देवासला काय विशेष. सांगितलं, बोडणाला बसले होते."

मी म्हटलं, "मग?"

"मग काय. गप्प झाल्या. उद्या सगळ्या मोहल्ल्याला कळेल."

"आणि कोणी काही बोललं तर, वन्सं?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. त्या गॅस बंद करून आल्या. मग म्हणाल्या, "परातीत दूध फार झालं होतं तुझं. पुढच्या वेळी कमी घे."