यंत्राला नवऱ्याचं नाव कशाला हवं?

५ एप्रिल ९९, सोमवार
बावीस वर्षं पेणला गणपतीचे डोळे आखते मी, आणि तो डबा मला विचारतो, तुम्ही खऱ्या आहात काय! खोटी असते तर पदराला रंग लागला असता का.

सगळं मंदाचं खूळ. माझ्या भावाची मुलगी, रोह्याला कॉम्प्युटरचे क्लास घेते. पेणच्या कारखान्यांसाठी तिनं वेबसाइट बांधलीय. परदेशातल्या माणसांनी त्यात मूर्ती बघायच्या आणि मागवायच्या. आज माझं नाव घातलं. पण नाव घालून भागत नाय. ईमेलवर पत्र येणार, त्यात निळी ओळ असणार, ती मी दाबायची, मग मी खरी.
म्हटलं, "मंदा, तू मला जन्मापासून ओळखतेस ना? दे लिहून."
म्हणे, "आत्या, मी ओळखून चालत नाय. कॉम्प्युटरनं ओळखायला हवं."
आमच्यात गिऱ्हाईक स्वतःचा पाट आणून ठेवतं, पाटाला चिठ्ठी बांधतं, संपलं. पाट आला की माणूस खरा. हे सांगितलं तर हसली. तेवढ्यात फोनची लाईन गेली, पत्र आलंच नाय. एस.टी. चुकेल म्हणून निघाले.

६ एप्रिल
मंदाचा फोन आला, पत्र काल तिनालाच आलं होतं म्हणे. चोवीस तासांत दाबलं तर चालतं. दाबणार कुठं? कॉम्प्युटर रोह्याला, मी पेणला. जेवणं उरकून रेल्वेनं निघाले. गाडी निडीला उभी. समोरून दुसरी यायची होती, ती येईना. मी उभी, घड्याळ चालू. रोह्याला पोचले तर तीन वाजून दहा मिनिटं. निळी ओळ दाबली. मेलेली.
मंदाला म्हटलं, "तुझ्या यंत्राला सांग, बाई खरी हाय, रेल्वे खोटी."

८ एप्रिल, गुरुवार
मंदानं मुदत तीन दिवस केली. निडी स्टेशन हिशेबात धरून. दाबलं. खरी झाले एकदाची.
मग पा. ठरवायचा. (पा. म्हणजे तो गुप्त शब्द. पुरा लिहिला तर गुप्त कसला.) त्यावर आणखी एक प्रश्न, पा. विसरला तर विचारायचा. उत्तर मीच एका बोटानं घातलं. मंदा खिडकीकडं तोंड करून उभी. "मलापण कळता कामा नये," म्हणाली. उत्तर घालायला जास्त वेळ लागला नाय. घाईत होते.
पा. विसरू नये म्हणून घरी येऊन एका कच्च्या मूर्तीच्या बुडाला पेन्सिलीनं लिहिला. तिथं कोण बघतंय.

१३ एप्रिल, मंगळवार
वाण्याकडं मंदाचा फोन. धावत गेले, हात मातीचेच. मागणी आली! परदेशातलं मंडळ. शाडूच्या एक्कावन्न मूर्ती, वीतभर, आखणी हातानंच हवी. वेबसाइटवर जाऊन 'हो' म्हणायचं आणि किती तारखेला देणार ते लिहायचं. २६ तारखेपर्यंत. नायतर मागणी दुसऱ्याकडं.
दुसऱ्याकडं म्हणजे कुणाकडं ते मला ठाऊक हाय. भिंतीपलीकडं. धाकटी जाऊ. दोन वर्षांपूर्वी भाऊ वेगळे झाले, कारखान्याच्या मधोमध भिंत आली. तेव्हापासून आम्ही एकमेकींशी बोलत नाय. मांजरीशी बोलतो. ती माझ्या मांजरीला म्हणते, "काय गो, पाणी सांडलंस व्हय माझ्या दारात?" मी तिला म्हणते, "सांग गो, ज्याचं दार त्यानं पुसावं." तिचंही नाव वेबसाइटवर हाय. मंदानं गल्लीतल्या पाचही जणींचं घातलंय.
एक्कावन्न शाडूच्या! वाळायचं धरून मी एकटी २५ मेपर्यंत देईन. तेच लिहिणार.

१४ एप्रिल
पा. बघायला मूर्ती उलट्या केल्या. साठ उलट्या केल्या. नाय.
ह्यांना विचारलं, इथली रांग कुठं गेली?
"खांब गावचा व्यापारी टेम्पो घेऊन आला होता ना सोमवारी."
माझा पा. खांबला गेला. गणपतीच्या बुडाखाली बसून.

१५ एप्रिल, गुरुवार
आज जे झालं ते कुणाला सांगायचं नाय.
रोह्याला गेले. मंदा म्हणाली, "पा. विसरलीस तरी काय बिघडत नाय, म्हणून तर तो प्रश्न ठेवलाय." दाबलं. प्रश्न आला. 'तुमच्या नवऱ्याचं नाव काय?'
हाच प्रश्न होता म्हणे. मंदा म्हणते, "बायका बाकी सगळं विसरतील, हे विसरणार नाय, म्हणून ठेवला." शहाणी. विसरणं वेगळं आणि घेणं वेगळं. बावीस वर्षांत मी नाव घेतलं नाय, आता डब्यासाठी घेऊ? मंदाला म्हटलं, तुझ्या काकाचं नाव तूच टाक, तर म्हणाली, "नाय, तूच सांग. मी माझ्या मनानं टाकलं तर नियम मोडला." तिचे नियम तिच्यापेक्षा वयानं मोठे दिसतात.
क्लासातले सगळे माना वळवून बसलेले. एक मुलगी म्हणाली, "उखाण्यात घ्या ना, आत्याबाई." बाकीचे टाळ्या वाजवायला लागले. एक्कावन्न मूर्ती डोळ्यापुढं होत्या. घेतला.
शाडू भिजवते बेताबेतानं,
____ रावांचं नाव घेते मंदाच्या धाकानं.
(जागा कोरीच राहील. इथंपण लिहायचं नाय.)
मंदानं 'राव' लावून टाकलं. लाल अक्षरं. चूक. नुसतं नाव टाकलं. चूक. नाव आणि आडनाव टाकलं. चूक, आणि कुलूप. पाच दिवस दार बंद.
मंदा माझ्याकडं बघत होती. "आत्या, काकाचं नाव हेच हाय ना?"
एस.टी.त तोंड खिडकीबाहेर काढून बसले. क्लासातली पोरं अजून हसत असतील.

१६ एप्रिल
दुपारी पानं वाढली. हे हात धूत होते. मी हाक मारली, "अहो, भात घेता ना?"
आणि पळी हातातच राहिली.
तेच! मी तेच घातलं होतं. अहो. ए, एच, ओ. तीन अक्षरं, म्हणून तर पटकन झालं. नवरा म्हटलं की हातातून तेच निघणार.
ह्यांनी विचारलं, "काय झालं?"
"काय नाय. जेवा."
वाण्याकडं जाऊन मंदाला सांगितलं. पलीकडून नुसतं हसणंच ऐकू येत होतं. मी फोन ठेवला.

१८ एप्रिल, रविवार
मंदा आली. हसत नव्हती. गल्लीतल्या पाचजणींची उत्तरं तिनं उघडून बघितली. पाचहीजणींनी 'अहो' घातलंय. धाकटीनंसुद्धा. म्हणजे कुणीही बाई कुणाच्याही दारातून आत जाईल.
मी म्हटलं, "मग प्रश्न बदल. 'नवऱ्याला काय म्हणता' असा ठेव."
तिनं कपाळावर हात मारला. प्रश्न काढूनच टाकणार म्हणे. पुढं पा. विसरला तर निळी ओळ ईमेलला येईल, एक तास चालेल.
"एक तास?"
"बरं, दोन."
"निडी."
"बरं, चार." पण बांधायला गुरुवार उजाडेल. मंगळवारी माझं कुलूप सुटतंय, म्हटलं मी बुधवारी येते. म्हणाली गुरुवारी ये, बुधवारी ती अलिबागला. क्लास उघडा असेल, पण ती नसेल. एवढं सगळं ती पडवीत उभी राहून मोठ्यानं सांगत होती. हे बाजूलाच मूर्ती पुसत बसलेले. मांजर भिंतीवर बसलेली. भिंतीपलीकडं भांडी घासण्याचा आवाज थांबला होता.

२१ एप्रिल, बुधवार
हे रंग आणायला रोह्याला. पेणला रंग मिळत नाय काय? विचारलं. "तिकडं निळा चांगला मिळतो."
धाकटीपण सकाळच्या एस.टी.नं रोह्याला. गुडघा दाखवायला. मांजरीला सांगून गेली.
संध्याकाळी हे आले. निळा नाय आणला. पिवळा आणला.

२२ एप्रिल, गुरुवार
ईमेलला निळी ओळ आली, तासाच्या आत दाबली, नवा पा. ठरवला, आत गेले. सगळं पहिल्यांदाच सरळ झालं. आणि बघते तर मागणीपुढं आधीच 'हो'. काल दुपारची वेळ. माझ्या नावानं. तारीख लिहिलीय १० मे!
मंदा पांढरी पडली. "काल जुना प्रश्नच चालू होता. कुणीतरी 'अहो' टाकून आत गेलं."
क्लासातल्या मुलीला विचारलं. काल बरीच माणसं येऊन गेली, म्हणे, लक्ष नव्हतं. मग म्हणाली, कुणीतरी विचारत होतं, इथं 'एच' कुठं असतो.
१० मेपर्यंत एक्कावन्न शाडूच्या माझ्या एकटीच्या हातून होत नाय. हे पेणमधलं शेंबडं पोर सांगेल. दोन कारखाने लागले तर होतात. साच्यात माती थापायचं काम माझं, आखणी तिची. आखणी तिची माझ्यापेक्षा बरी हाय. हे ज्यानं लिहिलं त्याला हिशेब नीट माहीत हाय.
मंदा म्हणते, सोमवारपर्यंत 'हो' मागं घेता येतं.

२३ एप्रिल, शुक्रवार
सकाळी ह्यांना विचारलं, "रोह्याला क्लासात गेला होता?"
"हूं."
"हूं म्हणजे?"
"म्हणजे रंग छान निघाला."
बावीस वर्षं ह्या माणसाला अहो म्हणतेय, त्याला काय कळत नसेल मी काय लिहीन ते?
मग भिंतीजवळ जाऊन मांजरीला म्हटलं, "काय गो, गुडघा कसा हाय?" पलीकडून, "बरा हाय. जिना चढला परवा." मंदाचा क्लास वरच्या माळ्यावर हाय. डॉक्टरचा दवाखाना खाली.
दोघांपैकी कोण, की दोघं मिळून? कामानिमित्तानं भिंत पाडायची होती तर तोंडानं सांगायचं. माझ्या दारात माझ्याच शब्दानं शिरून माझ्या नावानं हो म्हणायचं, ही कुठली रीत? रागावले हाय. एक्कावन्नचा आकडा डोळ्यापुढून जात नाय, ती गोष्ट वेगळी.
दोन चिठ्ठ्या लिहिल्या. एक ह्यांच्या ताटाखाली, एक मांजरीच्या गळ्यात बांधून भिंतीवर सोडली. मजकूर एकच. 'हो कुणी म्हटलं ते रविवारी दिवे लागायच्या आत तोंडानं सांगा. मांजरीकडून चालणार नाय. सोमवारी पहाटे माती भिजवायची हाय. एका कारखान्याची भिजवू की दोन्हींची?'