अपक्षाची पाच मिनिटं

अण्णा,

तुमच्या भाषणांचं पुस्तक निघतंय. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि तुमच्या माणसांना आत्ता जाग आली. वाटूरचे तुमचे एक लाडके विद्यार्थी, जे आता स्वतःच निवृत्त मुख्याध्यापक आहेत, ते गेल्या महिन्यात माझ्या जालन्याच्या घरी आले. बरोबर कागदांनी फुगलेल्या चार पिशव्या. विधान परिषदेत तुम्ही बारा वर्षं जे जे बोललात ते सगळं त्यांनी जमवलंय, टाइप करून घेतलंय आणि छापखान्यातून त्याची मुद्रितंही, म्हणजे तपासायचे छापील कागद, आणलीत. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "ताई, हे तुम्हीच तपासा. सरांचं समदं लहानपणापासून तुम्हीच बघत आल्तात." मी हो म्हटलं. नाही म्हणायला तुम्ही मला शिकवलं नव्हतंत.

आजकालच्या लोकांना सांगावं लागतं की तुम्ही कोण होतात. शिक्षकांनी निवडून दिलेले अपक्ष आमदार. पक्षवाल्यांचं बोलून झालं, निम्मं सभागृह चहाला उठलं, की शेवटी अपक्षाला पाच मिनिटं मिळायची. तुम्ही कशावर बोलला नाहीत? विनाअनुदानित शाळा, एसटीचे थांबे, मुलींची वसतिगृहं, चाराछावण्या, सरकारी कागदांतलं मराठी. रिकाम्या बाकांना उद्देशून बोलायचात आणि पाचव्या मिनिटाला सभापतींची घंटी वाजली की वाक्य अर्धं असलं तरी खाली बसायचात. त्याचा तुम्हाला केवढा गर्व! "अपक्षाला पक्ष न्हाई, मंग घड्याळ हाच त्याचा पक्ष," हे तुमचं ठरलेलं वाक्य. लोक टाळ्या वाजवायचे. घरातही तुम्ही अपक्षच होतात, अण्णा. आईच्या बाजूचे नाही, माझ्या बाजूचे नाही, कुणाच्याच नाही. त्यावर मात्र टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

तालीम स्वयंपाकघरात व्हायची, कारण आपल्या गावच्या त्या घरात भिंतीवरचं घड्याळ तिथंच होतं. तुम्ही दाराशी उभे, हातात टिपणं. आई चुलीपुढे भाकरी थापत. मी पाटावर बसलेली, एका हातात पितळेची वाटी, दुसऱ्यात चमचा. पाच मिनिटं झाली की मी वाटीवर चमचा मारायचा आणि तुम्ही गप्प व्हायचं. मला हे काम फार आवडायचं, खोटं कशाला बोलू. अख्ख्या गावात तुम्हाला गप्प करू शकणारी मी एकटी होते. पुढे तुम्ही या खेळात आईलाही ओढलंत. ती बोलायला लागली आणि तुम्हाला कंटाळा आला, की तुम्ही माझ्याकडे बघून बोट वर करायचात. मी टणकन वाजवायची. "वेळ संपली, बाई," तुम्ही म्हणायचात. पाहुणे असले तर पाहुणेही हसायचे. आई हसायची आणि भाकरी उलटायची.

अधिवेशन संपलं की तुमच्या भाषणांची टाइप केलेली प्रत पाकिटातून घरी यायची. बोलण्याच्या ओघात काही चुकलं असेल तर सभासदानं सुधारून परत पाठवायचं, अशी तिथली रीत. ते काम सातवीपासून माझं. त्यासाठी तुम्ही मला लाल शाईचा पेन आणून दिला होतात. तुमच्याकडून मिळालेली ती एकमेव भेटवस्तू, आणि तीही तुमच्याच कामाची. वर नियम सांगितलात, "काना-मात्रा बघायचा. म्हणणं बदलायचं न्हाई. सभागृहात बोललेला शब्द म्हणजे सुटलेला बाण." एकदा मी तुमचं एक लांबलचक वाक्य आपल्या मनानं छोटं केलं, तर तुम्ही मला तासभर भिंतीकडे तोंड करून उभं केलंत. आई मध्ये पडायला गेली. तुम्ही बोट वर केलंत, पण वाजवणारी भिंतीकडे तोंड करून उभी होती, म्हणून तुम्हीच वाटी उचललीत.

मी दहावीत होते तेव्हाची ती दुपार तुम्हाला आठवते का, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. तुम्ही संध्याकाळी परतूरहून गाडी पकडणार होतात. विनाअनुदानित शाळांवरची तालीम चालू. तिसऱ्या मिनिटाला आई मध्येच म्हणाली, "मी काय म्हणते, परवापास्नं पोटात लई दुखून राह्यलं. उजवीकडं. जायच्या आधी जरा दवाखान्यात संगं येता का?" दवाखाना शाळेसमोर, चालत पाच मिनिटं. तुमचा धागा तुटला होता. तुम्ही आईकडे पाहिलंसुद्धा नाहीत. माझ्याकडे पाहून बोट वर केलंत आणि मी वाटी वाजवली. जोरात वाजवली, कारण तुम्ही चिडला होतात आणि तुम्हाला हसवायचं होतं. तुम्ही हसलात. आईनं पदरानं हात पुसला. "जाऊ द्या, येताल तवा बघू," ती म्हणाली.

दोन दिवसांनी ती न्हाणीघरात पडली. शेजारच्या काकूंनी आणि मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर होते, अण्णा. खुर्चीवर बसलेले होते, पेशंट तपासत होते. तिशीचा माणूस, नवीनच आलेला. पोटाला हात लावताच त्यांचा चेहरा उतरला. "दोन दिस आधी आणायचं न्हाई का?" ते मला म्हणाले, मला, पंधरा वर्षांच्या पोरीला. दवाखान्याच्या जीपमधून जालन्याला निघालो, तर ते स्वतः मागं बसले, सलाइनची बाटली हातात धरून. वाटूर मागं पडलं आणि आई गेली. त्यानंतरही कितीतरी वेळ ते बाटली तशीच धरून होते.

पुढच्या अधिवेशनात तुम्ही ते भाषण केलंत. तेच, जे लोक अजून सांगतात. खेड्यातल्या दवाखान्यांवर चर्चा होती आणि तुम्ही उभे राहून म्हणालात, "सभापती महोदय, माझी पत्नी सरकारी दवाखान्याच्या बंद दारापुढं दोन तास पडून होती. डॉक्टर गावात नव्हता." म्हणे सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. म्हणे पाच मिनिटं होऊन गेली तरी सभापतींनी घंटी वाजवली नाही. आईच्या नावावर तुम्हाला अकरा मिनिटं मिळाली. तिला स्वतःला एक मिळालं नव्हतं.

पाकीट आलं. मी लाल पेन घेऊन बसले आणि त्या ओळीवर थांबले. "अण्णा, डॉक्टर तर होते." तुम्ही दाढी करत होतात. आरशातूनच म्हणालात, "तू काना-मात्रा बघ." मी म्हटलं, पण ते होते ना. तेव्हा तुम्ही वळलात, अर्ध्या गालाला साबण. "बाकीच्या गावात न्हाईत! आपल्या एका गावात होता म्हणून मी गप बसू? तुझी माय गेली, तिच्या जाण्याचं काहीतरी चीज होऊन राह्यलं, तर तुला खुपतंय?" मी काना-मात्रा बघितला. एक अनुस्वार राहिला होता, तो दिला.

चीज झालं, हे मला मान्य आहे. त्या वर्षी तालुक्यात रिकाम्या जागांवर डॉक्टर आले. कितीतरी बायका वाचल्या असतील. आणि आपल्या डॉक्टरांना निलंबित केलं. एका सकाळी ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले, चपला बाहेर काढून. "सर, मी होतो ना. बाटली मीच धरून होतो. ताईला इचारा." तुम्ही मला विचारलं नाहीत. त्यांना पाट दिलात, चहा सांगितलात आणि म्हणालात, "डॉक्टरसाहेब, तुमचं बिलकुल बराबर आहे. पण सभागृहात बोललेलं मागं घेत नसतात." चहा मी केला होता. त्यांनी तो प्यायला नाही. चौकशीत साक्ष द्यायला कुणी गेलं नाही. काकू म्हणाल्या, आमदारांच्या इरोधात कोण बोलंल. मी काहीच म्हणाले नाही.

तुमची वाचा गेली तेव्हा मला वाईट वाटलं नाही. हे मी आता लिहून टाकते. लकवा उजव्या अंगावरून गेला आणि ज्या माणसानं बारा वर्षं दर विषयावर तोंड उघडलं त्याला पाणी मागता येईना. मी तुम्हाला जालन्याला आणलं. सात महिने सगळं केलं, लोक म्हणाले लेक असावी तर अशी. एका दुपारी मी पेज भरवत होते. तुम्ही तोंड फिरवलंत आणि काहीतरी सांगू लागलात. नुसता घशातला आवाज, पण लांबलचक, थांबेचना. डोळे माझ्यावर. "आ" का "आई" असं काहीतरी त्यात होतं, किंवा मला तसं वाटलं. माझ्या एका हातात वाटी होती, दुसऱ्यात चमचा. या खेपेला कुणी बोट वर केलं नव्हतं. मी वाजवली. आणि तुम्ही थांबलात, अण्णा. लगेच. शिस्तीत तोंड मिटलंत आणि छताकडे बघत राहिलात. त्यानंतर चार दिवस जगलात, पण पुन्हा आवाज केला नाहीत.

आता पुस्तकाचं. वाटूरच्या सरांनी तेच भाषण सगळ्यात पुढं घेतलंय आणि खाली अभिमानानं टीप टाकली आहे, 'या भाषणानंतर कामचुकार डॉक्टरवर तत्काळ कारवाई झाली.' डॉक्टरांच्या नावागावासकट. डॉक्टर अजून आहेत. जाफराबादेत छोटा दवाखाना चालवतात. कुठून तरी त्यांना कळलं आणि गेल्या आठवड्यात फोन आला. आवाज म्हातारा झालाय. "ताई, माझी नात डॉक्टरकी शिकून राह्यली. पुस्तक तिच्या हातात पडंल. तेवढं नाव काढता येईल का? बाकी काही न्हाई मागत." मी म्हटलं, बघते. मग ते म्हणाले, "तुम्ही जीपमधी होत्या." एवढंच. फोन ठेवला.

मी तुमचं भाषण तसंच राहू दिलं. बाण सुटलेला आहे, असू दे. सरांची टीप मात्र लाल पेनानं खोडली आणि तिच्या जागी माझी लिहिली, माझ्या सहीची. डॉक्टर हजर होते. दार उघडं होतं. सलाइन त्यांनी हातात धरली होती. आईनं दोन दिवस आधी सांगितलं होतं आणि वक्त्यानं ऐकून घेतलं नव्हतं. वाटूरचे सर वाचून ओरडलेच. "ताई, प्रकाशनाला मंत्री येऊन राह्यले! सरांची अब्रू जाईल!" मी म्हटलं, टीप छापा, नाहीतर मी त्याच स्टेजवर उभी राहून वाचते. मला पाच मिनिटं पुष्कळ होतील. ते तुमच्यासाठी रडले. मला मजा आली. इतक्या वर्षांत इतकी मजा कशात आली नव्हती. शेवटी त्यांनी मानलं. डॉक्टरांना मी फोनवर टीप वाचून दाखवली. ते म्हणाले, "तुमच्या हिमतीला मानलं, ताई."

मुद्रितं न्यायला सर संध्याकाळी येतील. हे पत्र त्या पिशवीत जाणार नाही, कपाटातल्या तुमच्या टिपणांखाली जाईल. त्या टिपेत शेवटी मी असं लिहिलं आहे, की आई दुखणं सांगत असताना वक्त्यानं चमचा उचलून वाटी वाजवली आणि तिला गप्प केलं. वक्त्यानं. मघाशी पुन्हा एकदा वाचून पाहिलं, पेन हातात होता. काना-मात्रा बरोबर आहे.