घरच्यांचा पोपटी फोटो

अकोला
३ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. रागिणीस,
अनेक आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस आणि घरच्या ग्रुपमधून निघून तुला सहा महिने झाले, म्हणून वीस वर्षांनी पत्र लिहायला बसलो आहे. अक्षराला हसू नये.

कारण असे की, ७ डिसेंबरला आईला पंच्याहत्तर पूर्ण होतात. नव्या घराच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वरची भिंत मोकळी आहे, तिथे घरच्यांचा एक मोठा फोटो लावायचा आहे. ३० तारखेला तुमच्या अमरावतीत हसनैनचा स्टुडिओ ठरवला आहे. तो तुझा विद्यार्थी होता म्हणे. फोटोत मागे चिखलदऱ्याची दरी पाहिजे, असे मी त्याला बजावले आहे. तो म्हणाला, तुम्ही पडद्यापुढे उभे राहा, दरी मी मागून लावतो. आणखीही काही सांगत होता, पण दुकानात गिऱ्हाईक आले.

आता कपड्यांचे. आजकाल फोटोत सगळे एकाच रंगात असतात, असे तुझ्या वहिनीने, वर्षालीने, मोबाइलवर पाहिले. कोणत्या रंगात, यावर इथे तीन दिवस जेवणाच्या ताटावर भांडण चालू आहे. वर्षालीला बदामी पाहिजे, आपल्या धाकट्या कुंदनच्या बायकोला मरून आणि आमच्या शिवमला काळा. आईच्या पंच्याहत्तरीला काळा! तू शाळेत चित्रकला शिकवतेस, तेव्हा रंग तूच ठरव आणि कपडे तिकडूनच शिवून पाठव. नऊ जणांची मापे सोबत आहेत: आई, मी, वर्षाली, शिवम आणि त्याची प्राजक्ता, कुंदन, त्याची बायको आणि त्यांचे दोन पोट्टे.

त्या दिवशी सकाळी तूही ये. निऱ्या, पिना, पोट्ट्यांचे भांग, हे पाहायला कोणीतरी लागेलच. जावईबापूंना नमस्कार. माझा लोभ आहेच, तुझाही फोनवर दिसावा.

तुझा,
दादा (धर्मेंद्र)


अमरावती
८ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचले. अक्षराला हसले नाही, मजकूरच पुरला.

मापे मोजून पाहिली. नऊच भरली. दहावे चिकटून राहिले असेल म्हणून पाकीट उलटे करून झटकलेही, त्यातून तुझ्या दुकानातले मेथीचे बी तेवढे पडले.

मे महिन्यात शिवमच्या लग्नात फोटोवाल्याने घरच्यांना बोलावले, तेव्हा मी भाबडेपणाने आईमागे जाऊन उभी राहिले. तू माइक नसताना अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असे म्हणालास की, लेकी-जावयांचा नंतर वेगळा काढू, आधी घरच्यांचा होऊ दे. मी स्टेजवरून उतरले. यांनी मला आइस्क्रीम आणून दिले, ते हातातच वितळले. तुझे ते नंतर अजून आलेले नाही. चार तासांपूर्वी आलेली प्राजक्ता घरची आणि बावन्न वर्षांपूर्वी त्याच घरात जन्मलेली मी पाहुणी! पोरीचा काही दोष नाही, गोड आहे. कामापुरता मामा ऐकला होता, कामापुरती आत्या मी स्वतःच झाले.

असो. पिना लावायला का होईना, आठवण झाली, हेही नसे थोडके. रंग ठरवला आहे: पोपटी. सगळ्यांना एकच, चांगला झगझगीत. भाजीच्या बियाण्यावर उभे राहिलेले घर, रंग शोभून दिसेल. आई हिरवे नेसत नाही, म्हणून तिला तेवढी जांभळी साडी घेतली. स्टुडिओत जाऊन पडदाही पाहून आले. हसनैनने त्या पडद्याची करामत मला नीट समजावून सांगितली. तुलाही सांगितली म्हणाला. तू ऐकलीस की नाही, हे मी सांगू शकत नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ आहे तेवढा राहू द्यावा, वाढवायची घाई नाही.

तुझी,
रागिणी


अकोला
२१ नोव्हेंबर २०२५

चि. रागिणीले,
आईचा आशीर्वाद.

हात प्राजक्ताचा हाय, बोल माहे हायत. तिले सांगतलं, मी बोलते तसंच लिह, पुस्तकातलं नोको करू.

कपडे भेटले. घरात पोपटायचा थवा उतरला बाप्पा. तुह्या दादाले लय आवडले, थो आरशापुढून हटत नाई. माही जांभळी बी पायली, मऊ हाय. पन मले एकटीले येगळा रंग धाडला, तवाच मी समजली का तुह्या डोक्यात काईतरी शिजून राह्यलं. लहानपनी बी तू रुसली का अशीच गोड वागे.

मी धर्मेंद्रले इचारलं, रागिणीचं पातळ कोन्तं? थो म्हने, थे तं निऱ्या कराले येऊन राह्यली. मंग माहं टाळकं सरकलं. मी म्हटलं, लेक घरची नसीन तं मी काहून घरची? मी बार्शीटाकळीची लेक. वर्षाली मूर्तिजापूरची, प्राजक्ता दर्यापूरची, कुंदनची बायको वलगावची. साऱ्या लोकायच्याच लेकी हायत. तुमी माणसं माणसंच उभे राहा अन् काढा घरच्यायचा फोटो. थो मान डोलावून पोळी खात राह्यला. मान डोलावली म्हंजे त्याले समजलं असं नोको समजू, बापावर गेला हाय.

तू बाजूले उभी राह्यल्याबिगर मी खुर्चीवर बसत नाई, असं मी त्याले सांगून देल्लं. तवा चांगलं पातळ नेसून येजो. निऱ्या ज्याच्या त्यानं कराव्या. पंच्याहत्तर वर्सं झाले, मले फोटोत माही लेक माह्याजवळ पायजे. दुसरं काई मागत नाई.

जवाईबुवाले बरं सांगजो. जीव हाय तवरोक येत जाय.

तुही माय,
माणिकबाई

ता. क. आत्या, मी प्राजक्ता. लग्नात तुम्ही स्टेजवरून उतरलात, तेव्हा मी पाहिलं होतं. नवी नवरी होते, बोलायची हिंमत झाली नाही.


अकोला
१४ डिसेंबर २०२५

सौ. रागिणीस,

आशीर्वाद पुढच्या पत्रात.

फोटो काल आला. हसनैनने आधी मोबाइलवर पाठवला होता, पण मी म्हटले, लहान काय पाहायचा, सरळ मोठी फ्रेम करून आण. प्राजक्ताचे आई-वडील दर्यापूरहून आले होते. व्याह्यांच्या समोर, चहा-चिवड्याच्या साक्षीने, मी स्वतःच्या हाताने फ्रेमवरचा कागद फाडला.

चिखलदरा उत्तम आला आहे. धुके, झाडे, दरी, काही म्हणून कमी नाही. त्या दरीवर आठ मुंडकी तरंगून राहिली आहेत. वर्षालीचे मंगळसूत्र हवेत आहे. माझा पंजा खुर्चीच्या पाठीवर आहे आणि पंजापासून मुंडक्यापर्यंत झाडी आहे. कुंदनचा धाकटा आपल्या दादाला शोधतो तसा स्वतःचे पोट शोधत होता. अख्ख्या दोघीच: आई जांभळ्यात आणि तू तुझ्या मरून साडीत. व्याह्यांनी बराच वेळ पाहिले आणि दृश्य छान आहे, एवढेच म्हणाले.

हसनैनला फोन केला. तो म्हणतो, पडदा हिरवा, मशीन हिरवे तेवढे पुसून दरी लावते, कपडेही हिरवे म्हणून कपडेही गेले. हिरवा सोडून कोणताही रंग घाला, असे त्याने मला आधी सांगितले होते म्हणे. त्या दिवशीही दोनदा सांगितले, तर मी त्याला तू फक्त बटन दाब म्हणालो. म्हणालो असेन. पण तू तर पडदा पाहून आली होतीस! सख्खी बहीण अशी वैऱ्यासारखी वागते? उत्तर पाहिजे.

धर्मेंद्र


अमरावती
१८ डिसेंबर २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

उत्तर हे की, हो, मला ठाऊक होते. मुद्दाम केले. ज्या घरच्यांच्या फोटोत मी दिसायची नव्हते, त्यात घरचेही दिसू नयेत, एवढाच हिशेब होता. कपडे पाठवताना मी खुशीत गुणगुणत होते, हेही कबूल करते.

मग आईचे पत्र आले. ते वाचून मी खूप रडले आणि तुला सगळे सांगायचे ठरवले. पोपटी कपड्यांवरून घालायला हसनैनकडून आठ पांढऱ्या ओढण्या-उपरणी मागून ठेवली होती. फोटोच्या दिवशी सकाळी तुझ्या बाहीला धरून कपड्यांचे सांगायला लागले, तर तू हात सोडवून घेतलास. तू फक्त पिना लाव, मधे बोलू नको, म्हणालास. सगळ्यांदेखत. मी पिना लावल्या, दादा. घट्ट लावल्या, एकही सुटली नाही.

मुलांचे मात्र मला वाईट वाटते, त्यांचा काय गुन्हा! वहिनींचेही. त्यांची माफी मागते. तुझी मागायला अजून जीभ वळत नाही. मला त्या भिंतीवर कोपऱ्यातली जागाही चालली असती. ती न मागता मिळायला हवी होती, याचाच राग आहे आणि तो खरा आहे.

आईच्या गुडघ्यांना तेल लावत जा म्हणावे. लोभाचे तू ठरव.

तुझी,
रागिणी


अकोला
२६ डिसेंबर २०२५

चि. सौ. रागिणीस,
अनेक आशीर्वाद. मागच्या पत्रातले थकलेलेही यात धरावेत.

तो फोटो मी कपाटामागे घातला होता. पाच दिवसांपूर्वी दुकानातून आलो, तर सोफ्याच्या वर लटकला होता. आईने शिवमकडून खिळा मारून घेतला. आता घरात येणाऱ्या प्रत्येकाला ती काठीने दाखवते: हे मी, अन् हे माही लेक. बाकीचे घरचे हायत, थे काई दिसत नाईत. गल्लीतल्या बाया निमित्त काढून चहाला येतात. पहिले दोन दिवस मी आतल्या खोलीत बसलो. तिसऱ्या दिवशी माझे मुंडके पाहून मलाच हसू फुटले आणि वर्षालीने हसता हसता दूध उतू घालवले.

मग एकटाच त्याच्यापुढे उभा राहिलो. नजर आधी तुम्हा दोघींवरच जाते, बाकी पाहायला काही ठेवलेच नाहीस. आईचा हात तुझ्या मनगटावर आहे. फोटो काढून झाल्यावरही तिने तो सोडला नव्हता, हे आता आठवते. पिनांचे मी बोललो. स्टेजवरही बोललो. चूक झाली माझी, बाई. हे वाक्य लिहायला मला दोन कागद लागले.

११ जानेवारीला पुन्हा फोटो काढायचा आहे. हा पहिला आई उतरवू देत नाही, नवा समोरच्या भिंतीवर लागेल. रंग तूच ठरव, हसनैनला विचारून. नऊ मापे तुझ्याकडे आहेतच. जावईबापूंच्या शर्टाचे त्यांनाच फोन करून विचारले. तुझे मात्र इथे कोणालाच सांगता आले नाही, ना वर्षालीला, ना मला. लाज वाटली.

तेवढे तुझे माप पाठव.

तुझा,
दादा