काळीतुरीची आई कोण?

ती. सुशिलाबाईस,

धाकट्या बहिणीचा, म्हणजे चंदाचा, दोन्ही हात जोडून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला गेला का? इटियाडोह धरणाचं पाणी तुमच्या धानाच्या बांध्यांत पोचलं असेल. आमची रोवणी आटोपली. इकडे सगळे खुशाल आहेत, मी सोडून. (फोनच केला असता, पण माझी धाकटी जाऊ धुरपता भिंतीपलीकडेच राहते आणि तिचे कान माझ्या फोनपेक्षा चांगले आहेत. म्हणून कागद.)

तर बाई, झालं असं. गेल्या दिवाळीनंतर बियाणं केंद्रातल्या आचल मॅडम गावात आल्या. आधी माझ्याच दारात आल्या, हे लक्षात ठेव. "मावशी, तुमच्याकडे काळा सोयाबीन आहे का?" मी म्हटलं, "सोयाबीन आमच्याकडं कोन लावते जी? आमचा धानाचा मुलूख." त्या चहा पिऊन पुढे गेल्या. आता मला काय माहीत की बांधाच्या धुऱ्यावर आपण जी काळीतूर लावतो, ती तूर नव्हेच, तो काळा सोयाबीनच! नावात तूर आहे म्हणून मी तूर समजत होते, तुझी सासूही तूर समजून मेली. मॅडम शेजारी गेल्या तर धुरपताच्या ओट्यावर काळीतूर वाळत होती. मॅडमनी ओंजळ भरून घेतली आणि पुडीवर नाव लिहिलं, धुरपताचं. आणि ती काळीतूर तिला दिली कोणी? मी! तीन वर्षांपूर्वी वाटीभर, माझ्या ह्या हातांनी.

पुढे तपासणीत निघालं की आपल्या काळीतुरीत आयसोफ्लेव्होन नावाचं काहीतरी भरपूर आहे. (हा शब्द पाठ करायला मला चार दिवस लागले. धुरपताला अजून येत नाही, ती 'आईसफ्लावर' म्हणते.) ते बायकांच्या हाडांना बरं, आणि आपल्या वयात अंगातून ज्या वाफा निघतात त्याही कमी होत असाव्यात म्हणे. मॅडम 'असाव्यात' म्हणतात, 'होतात' म्हणत नाहीत, शिकलेलं माणूस. पण काळीतुरीला शेंगा कमी. म्हणून पिवळ्या, भरघोस वाणाशी तिचा संकर करायचा, म्हणजे गुणही येईल आणि पीकही.

ते बघायला आणि शिकून स्वतः करायला आम्हा बायकांना केंद्राच्या वावरात नेलं. मॅडमनी चिमट्यानं काळीतुरीची न उमललेली कळी उघडली, आतले नराचे तंतू काढून टाकले आणि पिवळ्या वाणाच्या फुलाचा पराग लावला. बायका पदरात तोंड घालून हसत होत्या. मी हसले नाही. मी त्या ओळीपुढे रोवलेली पाटी वाचली होती. 'माता वाण: धुरपता-काळी.' तीन पोरांची आई होऊन तिचं पोट भरलं नाही, आता शेंगांचीही आई! बाई, मी जळले. तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू? माझं नाव जगात कुठं आहे सांग. लग्नात आलेल्या पाण्याच्या पितळी गुंडावरसुद्धा मामाचं नाव कोरलंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे जेवायला गेलेले बघून मी एकटीच वावरात गेले. थुंकी लावून नाव पुसून पाहिलं, पुसेना. नखानं खरवडलं, नख तुटलं. शेवटी पाटीच उपटली, तेवढ्यात कोणी खाकरलं, आणि घाईघाईत मी ती शेजारच्या ओळीत खुपसून पळाले. ती ओळ निघाली पिवळ्याची. पाटी बघून बायकांनी दोन दिवस पिवळ्यालाच पिवळ्याचा पराग लावला. तिसऱ्या दिवशी मी पाटी जागेवर ठेवायला गेले आणि मॅडमना सापडले. "मावशी, हे काय करून राहिल्या?" पाटी माझ्या हातात उलटी. म्हटलं, "नाव वाचून राहिली जी."

मग मात्र मला रडू आलं आणि सगळं सांगून टाकलं. मॅडम रागावल्या नाहीत. (रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, बी कोणाचं ते धुरपतालाही ऐकू गेलं असतं.) म्हणाल्या, तुमच्या घरचं बी आणून द्या, तपासणीत तेच निघालं तर तुमचं नाव लिहू.

बाकी ठीक. तुझ्या सुनेला आशीर्वाद. गुडघ्यांना तेल लावत जा.

तुझी,
चंदा

ता. क. १. माझ्या घरी काळीतुरीचा एक दाणा नाही. होती तेवढी आमच्या ह्यांनी पावसात वडे करायला लावून संपवली. तुझ्या गाडग्यातली दोन ओंजळी पोस्टानं लगेच पाठव. वाण तोच आहे, काळजी नको.

ता. क. २. तोच कसा, ते आता सांगते. चार वर्षांपूर्वी तुझ्याकडे आले होते, तेव्हा तू कालव्यावर धुणं धुवायला गेलीस आणि मी गाडग्यातली ओंजळभर पदरात बांधून आणली. मागितलं असतं तर तू दिलंच असतंस, म्हणून मागितलं नाही.

ता. क. ३. मॅडमचा फोन आला तर बियाणं चंदाचंच, एवढंच म्हण. तू मोठी आहेस, समजून घे. शिवाय पाटी जेमतेम वीतभर आहे. सुशिलाबाई त्यावर मावत नाही, मी बोटांनी मोजून पाहिलं. चंदा मावतं.