अण्णाची कालव्यावरची सहल

१२ ऑगस्ट १९६१, शनि.
दुपारी बोटीवर चढलो. बोट कसली, आगगाडीचा डबा पाण्यात सोडलाय. लांबलचक, रुंदी सात फूट. पूर्वी हिच्यातून कोळसा जायचा, आता आमच्या अण्णांसारखे सुटीतले डॉक्टर जातात. अण्णांनी कप्तानाची टोपी घातलीय. सरकारनं मला चार महिने विलायतेला शिकवायचं शिकायला पाठवलं, त्यातली एकुलती सुटी थोरल्या भावाच्या या खुळापायी चालली.
वेग माणसाच्या चालीचा. काठावरून काठी टेकत जाणारी म्हातारी आम्हाला मागं टाकून गेली. अण्णा म्हणाले, "यातच गंमत हाय."

१३, रवि.
सोबत मार्गारेट. अण्णांची इथली बायको. लग्नाला तीन वर्षं झाली म्हणे. मला कळलं ते स्टेशनावर उतरल्यावर. कळंबला सुमनवहिनी सात वर्षं वाट पाहतायत, आईचं दुखणंखुपणं काढतायत. आणि हा इथं...
'म्हणाले' लिहायचा कंटाळा आला. इथून पुढं 'म्हणाला'.
बाई वाईट नाही. तीच तर अडचण. मला मांस चालत नाही म्हणून वेगळा तवा घेऊन आलीय.

१४, सोम.
अकरा लॉक. म्हणजे पाण्याच्या पायऱ्या. पुढं-मागं दारं, मधे बोट कोंडायची, पाणी सोडलं की वर चढते. दारं पाठ लावून ढकलायची आपणच. हे पावणेदोनशे वर्षांपूर्वी कसं खोदलं ते अण्णा हँडल फिरवत सांगत होता. घरी यानं हातानं तांब्याभर पाणी घेतलं नाही कधी.
मराठीत विचारलं, "वहिनींना काय सांगू?"
मार्गारेटकडं बघून हसत म्हणाला, "परीक्षा चालल्यात म्हणून सांग."
"सात वर्षं परीक्षा?"
"सुमनला काय कळतंय त्यातलं."
मार्गारेटनं विचारलं, काय बोलताय? "ज्वारीचं," तो इंग्रजीत म्हणाला. ज्वारीचं!

१५, मंगळ.
शाळेत झेंडावंदन झालं असेल. मी बदकांना पाव टाकत होतो.
एक मैलाचा बोगदा. वरून पाणी ठिबकतं. ऐतिहासिक म्हणे. असेल.

१६, बुध.
चहाला मार्गारेटनं विचारलं, "सुमन कोण? तुमच्या बोलण्यात सारखं येतं."
अण्णा कप खाली न ठेवता म्हणाला, "आमची बहीण."
ती माझ्याकडं वळली. धाकटी का थोरली?
"थोरली," मी म्हणालो. माझ्याच तोंडून.
नंतर सुकाणूपाशी त्याला गाठलं. "लाज वाटत न्हाय तुला?" जन्मात पहिल्यांदा अण्णाला 'तू' म्हणालो.
"तू तरी कुठं सांगितलंस?" एवढंच बोलून पुढचं वळण बघत राहिला.

१७, गुरु.
शेवटचा मुक्काम. मार्गारेटला नणंदेला पत्र लिहायचंय. अण्णा म्हणाला, तिला इंग्रजी येत नाही. ती म्हणाली, भाऊ घरी पोचायच्या बेतानं पाठवते, तो वाचून दाखवील की.
पत्ता मी लिहून दिला. अण्णाचा चेहरा बघण्यासारखा झाला. मला खरं सांगायची हिंमत नाही आणि अशा खोड्या काढायच्या. आम्ही दोघं एकाच आईची लेकरं, शोभतो.

२४ ऑक्टो., मंगळ. कळंब.
काल पोचलो. आई अण्णाच्या जेवणाचं विचारत होती. वहिनी चुलीपाशी. आई उठून गेल्यावर म्हणाल्या, "भाऊजी, एकटेच ऱ्हातेत का?"
"व्हय."
"मग जेवणाचं हाल व्हत असतील."
बोटीवरचा तवा डोळ्यांपुढं आला. "कामात असतेत," म्हणालो.

२६, गुरु.
सकाळी टपाल. निळं परदेशी पाकीट, वर मार्गारेटचं टापटीप अक्षर. वहिनींनीच आणून दिलं. "माझ्या नावानं हाय, भाऊजी. सात वर्षांत पहिल्यांदा. वाचून दाखवा."
म्हणालो, चष्मा शाळेत राहिला.
"मग आल्यावर," म्हणाल्या आणि पाकीट परत घेतलं. नवी साडी नेसल्या होत्या.
पाचला शाळा सुटली. साडेपाच झाले, वर्गातच बसलोय. चष्मा डोळ्यांवर. आईला आधी खरं सांगावं, की पत्र वाचताना मनचंच भलतं काही सांगावं... अण्णाला जमतं तसं. मलाही जमेल, यात शंका नाही.
शिपाई आत्ता डोकावून म्हणाला, "गुरुजी, वहिनीबाय पाकीट घिऊन फाटकाशी आल्यात. मधी पाठवू का?"