स्थिर म्हणजे काय

वेल्लोर, मंगळवार

मा, तुझ्या पायांशी माझा नमस्कार पोचू दे.

आधी चांगलं सांगते. बाबांनी आज भात मागितला. चार घास खाल्ले आणि इथल्या सांबाराला नावं ठेवली.

डॉक्टरांचे शब्द मी शेजारच्या नंतूकाकांना फोनवर सांगितले होते, 'गंभीर, पण स्थिर'. त्यातलं 'गंभीर' तेवढं ऐकून तू मासा सोडलास म्हणे. नवरा असताना विधवेसारखं ताट वाढून घेतेस? समोर असतीस तर भांडले असते.

मी नर्सताईंना विचारलं. गंभीर म्हणजे आजार मोठा आहे. स्थिर म्हणजे कालच्यापेक्षा आज जास्त बिघडलेलं नाही. "मग बरे होताहेत ना?" म्हटलं. त्या म्हणाल्या, "बाळा, हा शब्द त्याबद्दल काही सांगत नाही."

मोठी औषधं आता बंद केलीत, दुखू नये म्हणून एकच देतात. डॉक्टर म्हणतात, यापुढे घरीच त्यांना बरं वाटेल. पुढच्या सोमवारची तिकिटं काढलीत. बिछाना खालच्या खोलीत घाल, जिना नको. खिडकीतून पारिजातक दिसेल असा घाल. फुलला का गं?

काल बाबांनी विचारलं, "तुझी मा मासा खाते ना?"

"खाते की. परवाच मोहरी लावून रोहू केला होता म्हणे."

ते हसले, आणि कितीतरी दिवसांनी शांत झोपले.

पत्र पोचेल त्या दिवशी बाजारातून रोहू आण. मला खोटं पाडू नकोस.

तुझी,
बुल्टी